खुर्चीतला माणूस बरोबर

दादांच्या सलूनमध्ये खुर्च्या दोन होत्या आणि कारागीर एक. पहिली खुर्ची कापायची, दुसरी थांबायची. दुसरीत बसलेला माणूस हळूहळू खाली जात असे, कारण तिच्या पोटातल्या पंपाचं तेल कधीच गळून गेलं होतं. बसताना आरशात छातीपर्यंत दिसणारं गिऱ्हाईक वीस मिनिटांनी नाकापुरतं उरायचं. नवखा माणूस दचकायचा. जुने लोक पेपर वाचत शांतपणे बुडत.

दादा बावन्न वर्षांचे. त्यातली एकोणतीस उभ्याने गेलेली, त्यामुळे घरीसुद्धा ते विचार करायचा झाला तर उभे राहत. ज्या उस्तादांकडे ते शिकले, त्यांनी पहिल्या दिवशी हातात वस्तरा न देता एक वाक्य दिलं होतं: "खुर्चीतला माणूस बरोबर." आणि कारणही दिलं होतं. "वाद घातला की माणूस मान हलवतो. मान हलली की वस्तरा चुकतो. पुढचं माझ्या तोंडून वदवू नकोस."

म्हणजे तो काही नम्रतेचा धडा नव्हता, अपघात टाळायचा नियम होता. दादांनी तो इतका पाळला की सकाळी नऊला जगातले सगळे जावई नालायक असतात हे त्यांना पटलेलं असे आणि साडेनऊला सगळे सासरे. एकोणतीस वर्षांत त्यांच्या हातून एकाही मानेवर ओरखडा उठला नव्हता. या कामगिरीची किंमत म्हणजे, त्यांचं स्वतःचं एखाद्या गोष्टीबद्दल काय मत आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनाही नव्हतं.

नियम हळूहळू घरीही आला. लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात बायकोने दोन पडदे समोर धरून विचारलं होतं, "अहो, कोणता?" दादा म्हणाले, "दोन्ही छान." त्यातला मोरपिशी पडदा आजतागायत खिडकीत होता, आणि बायकोने तेव्हापासून त्यांचं नाव 'होयबा' ठेवलं होतं.

"मला नवरा पाहिजे होता, आरसा नाही," ती म्हणायची. "आरसा तरी बरा. वाईट दिसलं तर वाईट दाखवतो."

"हो, ते आहेच," दादा म्हणायचे.

मग तो गेम आला.

त्याचं नाव लांबलचक होतं आणि मध्ये दोन टिंबांचं चिन्ह होतं, त्यामुळे कोणी ते पुरतं घेत नसे. 'तो गेम' म्हटलं की कळायचं. बनवायला म्हणे सात वर्षं लागली आणि एखादं मध्यम आकाराचं धरण बांधून होईल इतका पैसा. त्यात उजाड राज्यात तलवार घेऊन हिंडायचं, राक्षस मारायचे, आणि वाटेत जी माणसं भेटतील त्यांच्याशी बोलायचं. तुम्ही कोणाला काय बोललात त्यावर पुढची सगळी कहाणी ठरायची. दादांना हे कळलं तेव्हा त्यांनी मनात म्हटलं, भयंकरच खेळ दिसतोय.

आठवड्याभरात गिऱ्हाइकांत उभी फूट पडली. एक पक्ष म्हणे, असा गेम झाला नाही, होणार नाही. दुसरा म्हणे, पैसे पाण्यात. मधलाही एक पक्ष होता, पण त्याला कोणी बोलू देत नव्हतं. पूर्वी लोक खुर्चीत बसले की डोळे मिटायचे. आता बसल्या बसल्या सुरू व्हायचे. दादा प्रत्येकाला "अगदी", "बरोबर", "मी तेच म्हणतोय" एवढंच म्हणत आणि कात्री चालवत. पण दिवसाला वीस डोकी हाताखालून जात होती, आणि डोक्यांतला माल कानावर पडत होता. तीन आठवड्यांत दादांना त्या राज्याचा कानाकोपरा पाठ झाला. एखादं गिऱ्हाईक अडकलं असलं तर ते सहज सांगून जात, "तिसऱ्या किल्ल्यात ना? तिथे आंधळी राणी आहे. ढाल घेऊन जा, आणि आधी दिवे विझवू नका." सांगितलेलं खरं निघायचं. लोकांनी तर्क केला की दादांनी गेम दोनदा तरी संपवलाय. दादांनी तो तर्कही खोडला नाही. खुर्चीतला माणूस बरोबर.

या भानगडीत सगळ्यात आधी पोळले ते दोन साडू.

दोन सख्ख्या बहिणींपैकी थोरलीचा नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. त्याला सगळे 'सर' म्हणत. धाकटीचा नवरा रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होता. त्याला दादा 'भाऊ' म्हणत. सख्ख्या भावांचं जमणार नाही इतकं या दोघांचं जमायचं. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी अकराला जोडीने सलूनमध्ये येत. एक कापून घेई, दुसरा बुडे, मग अदलाबदल. त्या गेमची वाट त्यांनी चार वर्षं मिळून पाहिली होती, पैसे एकाच दिवशी भरले होते, पहिल्या दिवशी दोघांनी कामावर एकच आजार कळवला होता.

आणि चौथ्या दिवशी त्यांचं बोलणं बंद झालं.

"नदी, दादा, नदी!" महिन्याच्या पहिल्या रविवारी एकटेच आलेले सर म्हणाले. "डोंगरातून निघते, दरीत उतरते, आणि पुन्हा वर चढते! वर! मी थांबून बघितलं. आणि त्या बर्फापासून चालत दहा मिनिटांवर वाळवंट. दहा मिनिटांवर! सातवीतलं पोर असं उत्तर लिहील तर मी भोपळा देईन. आणि आमचे साडूभाऊ म्हणतात काय, तर 'सर, तुम्ही नकाशा बघू नका, गोष्ट बघा.' गोष्ट! उद्या म्हणतील, पाय बघू नका, चाल बघा."

"अगदी," दादा म्हणाले. "नदी कशी वर चढेल?"

तिसऱ्या रविवारी भाऊ आले. "दादा, मी सोळा वर्षं रक्त बघतोय," ते म्हणाले. "आजपर्यंत प्रत्येक गेममध्ये रक्त म्हणजे टोमॅटोचा रस. इथे शिरेतलं काळपट आहे, धमनीतलं लालभडक, आणि जमिनीवर सांडलेलं कडेने आधी वाळतं! कोणीतरी माझ्यासारखा माणूस बसला असणार हो तिथे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि आमचे सर म्हणाले, 'रक्त कुठल्या का रंगाचं असेना, नदी उलटी आहे.'"

"बरोबर," दादा म्हणाले. "रक्त महत्त्वाचं."

यात नवं काहीच नव्हतं. दादा एकोणतीस वर्षं हेच करत होते. फक्त यावेळी दोन्ही डोकी एकाच सासऱ्याच्या घरची होती, आणि दोन बहिणींना फोन नावाचं यंत्र उपलब्ध होतं.

"आमच्या ह्यांना सलूनवाले दादासुद्धा म्हणाले, नदीचं बरोबर आहे म्हणून," थोरली म्हणाली.

"असं कसं म्हणतील? ते तर आमच्या ह्यांच्या बाजूने आहेत."

दोघींना नवऱ्यांच्या रुसव्याचा वीट आला होता. दोघींनी मिळून ठरवलं: येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दोघांनी पूर्वीसारखं अकराला जायचं. दादा ज्याला बरोबर म्हणतील तो बरोबर, दुसऱ्याने गप बसायचं, आणि हा विषय घरात पुन्हा काढायचा नाही.

भाऊंनी त्याच्या आदल्या रविवारी संध्याकाळी दादांना फोन करून हे कळवलं, आणि वर म्हणाले, "तुमचं मत तर मला माहीतच आहे." पाच मिनिटांनी सरांचा फोन आला. त्यांनाही माहीत होतं.

दादा फोन ठेवून उभेच राहिले. दोन गिऱ्हाइकं जातील, हे दुःख होतंच; पण दोन गिऱ्हाइकं कुठेही जातात. हे निराळं होतं. हा माणूस तोंडावर एक बोलतो आणि दुसऱ्याच्या तोंडावर दुसरं, हे एकदा बाहेर पडलं की पुढे काय? ज्याच्या शब्दाचा भरवसा नाही, त्याच्या वस्तऱ्याखाली गळा कोण देईल?

"काय झालं?" बायकोने विचारलं. दादांनी सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि मग मन भरून हसली.

"अहो, पण तुम्ही तो गेम बघितलाय तरी का?"

"नाही."

"मग बघा की. उद्या सोमवार. सलून बंदच आहे."

गेम घरातच होता. मुलीने सुट्टीत काम करून कन्सोल घेतला होता आणि तो गेम ती रोज खेळायची. तिने बापाला सोमवारी सकाळी नऊला टीव्हीसमोर बसवलं. दादा उठून उभे राहिले.

"बसा ना, बाबा."

"असू दे. हा रिमोट कसा धरायचा?"

"रिमोट नाही हो तो. बरं, आधी तुमचा माणूस बनवा. नाक, डोळे, हनुवटी. काहीही घ्या, दोन मिनिटांत होतं."

नाक, डोळे, हनुवटी दोन मिनिटांत झालं. मग केस आले. बासष्ट प्रकारचे.

दादांनी पहिला प्रकार घेतला आणि डोकं फिरवून मागून पाहिलं. दुसरा घेतला, मागून पाहिलं. मुलगी आंघोळ करून आली तेव्हा ते सतराव्यावर होते. नाश्ता झाला तेव्हा एकतिसाव्यावर. साडेअकराला बासष्टावं डोकं पडद्यावर मंद फिरत होतं आणि दादा टीव्हीला नाक लावून त्याचा माथा बघत होते.

"भोवरा कुठाय?" ते म्हणाले.

"काय?"

"भोवरा. माथ्यावर केस जिथून फिरायला लागतात ती जागा. जन्माला आलेल्या प्रत्येकाला असतो. काहींना दोन. यातल्या एकालाही नाही." त्यांचा आवाज चढला होता. "हे केस उगवलेलेच नाहीत. वरून ठेवलेत. बासष्ट केस कसले, बासष्ट टोप्या आहेत या! सात वर्षं काय केलं या लोकांनी? मला नाही आवडलं हे."

मुलगी बापाकडे बघत राहिली. मग ओरडली, "आई! आई, लवकर ये! बाबांना काहीतरी आवडलं नाही!"

आई ओल्या हातांनीच धावत आली. "काय? काय नाही आवडलं?"

"केस."

"पुन्हा म्हणा."

"केस वाईट आहेत," दादा म्हणाले, आणि स्वतःच जरा घाबरले.

शेवटी त्यांनी टक्कल घेतलं. निदान ते खरं होतं.

दुपारभर दादांचा टकला वीर पहिल्या गावाच्या वेशीवर एका लांडग्याकडून नऊ वेळा मेला. ढाल आहे हे त्यांना ठाऊक होतं, आंधळी राणी कुठे बसते ठाऊक होतं, तिसऱ्या किल्ल्याचा चोरदरवाजा ठाऊक होता; लांडगा कोणी सांगितला नव्हता, कारण त्याच्यावर दुसरा कोणी अडकला नव्हता. दहाव्यांदा ते वेशीकडे गेलेच नाहीत. गावातच हिंडू लागले. तिथे एक म्हातारी बाकावर बसलेली होती. ती उठताना आधी हात गुडघ्यावर टेकायची, क्षणभर थांबायची आणि मग उठायची. दादांनी तिला सात-आठ वेळा उठताना पाहिलं. पुढे गल्लीच्या टोकाला एक केस कापणारा होता.

दादा आपलेपणाने त्याच्याकडे गेले. त्याने टकल्या वीराकडे पाहून मान लववली. "वा! शोभतंय तुम्हाला," तो म्हणाला.

"काय शोभतंय?" दादा म्हणाले. "डोक्यावर आहे काय?"

"वा! शोभतंय तुम्हाला."

"त्याच्याकडे तेवढंच एक वाक्य आहे, बाबा," मुलगी म्हणाली. "सगळ्यांना तेच म्हणतो."

बायको दारात उभी होती. ती काहीच बोलली नाही. अशा बाबतीत तिने काही न बोलायची ही पहिलीच वेळ होती, आणि ते दादांना जितकं लागलं तितकं तिचं बोलणं कधी लागलं नव्हतं.

त्यांनी रिमोट खाली ठेवला. सहा तासांत ते पहिल्या गावाबाहेर पडले नव्हते.

रविवारी अकराला दोघे साडू आले, पण फुटपाथच्या दोन बाजूंनी. सर पहिल्या खुर्चीत बसले. भाऊ दुसऱ्या खुर्चीत बसले आणि उतरायला लागले. दादांनी सरांच्या गळ्याभोवती कपडा बांधला, गालांवर साबण फिरवला आणि उजवा गाल केला. डाव्या गालाला हात घालणार, तोच सर फेसातून म्हणाले, "हं. सांगा यांना, दादा. नदी."

"रक्त," भाऊ म्हणाले. ते आरशात गळ्यापर्यंत आले होते.

दादांनी वस्तरा मिटला. फळीवर ठेवला. उस्तादांचा नियम मोडायचाच होता, पण बाकी खबरदारी घेऊन.

"सर, मी तुम्हाला 'अगदी' म्हणालो होतो," ते म्हणाले. "आणि भाऊंना 'बरोबर' म्हणालो होतो. तेव्हा मी तो गेम डोळ्यांनी पाहिलाही नव्हता."

सर फेसासकट मागे वळले.

"पाहिला नव्हता?" भाऊ म्हणाले. "अहो, आंधळ्या राणीला ढाल घेऊन जा, हे मला तुम्ही सांगितलंत!"

"मला ते एका कुरिअरवाल्या गिऱ्हाइकाने सांगितलं होतं."

"मी त्यामुळे जिंकलो!"

"मग कुरिअरवाला चांगला खेळतो."

"आणि आता?" सर म्हणाले. "आता तरी पाहिलात?"

"सोमवारी. सहा तास."

"कुठवर पोचलात?"

"पहिल्या गावात आहे. लांडगा सोडत नाही."

सरांनी डोळे मिटले. शाळेत काही उत्तरं ऐकल्यावर ते असेच मिटत असावेत.

"तरी मत आहे मला," दादा म्हणाले. "त्या गावात एक म्हातारी आहे. उठताना आधी हात गुडघ्यावर ठेवते, थांबते, मग उठते. ते ज्याने केलं त्याने आपल्या आईला उठताना बघितलंय. आणि केस ज्याने केले त्याने जन्मात कोणाच्या डोक्यावर हात ठेवलेला नाही. भोवराच नाही हो! तुम्ही सहा आठवडे भांडताय. एक नद्या मोजतो, दुसरा रक्त. म्हातारी कोणी बघितली?"

कोणी बघितली नव्हती.

"म्हणजे आमच्यात बरोबर कोण?" भाऊंनी विचारलं. आता ते हनुवटीपर्यंत होते.

"कोणीच नाही," दादा म्हणाले.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण एकोणतीस वर्षांचं पाणी साठलं होतं, आणि बांधाला एकदा भोक पडलं की पाणी विचारत नाही, किती येऊ.

"आणि सर, आता निघालंच आहे तर सांगतो. तुमचा भोवरा उजवीकडे आहे आणि तुम्ही भांग पाडता उलट्या बाजूला. अठरा वर्षं मी त्या केसांना पाणी लावून दाबतोय आणि अठरा वर्षं ते तुम्ही दारातून बाहेर पडायच्या आत कोंबड्याच्या तुऱ्यासारखे उभे राहतात."

सरांचा हात डोक्याकडे गेला. "मुलं... मुलं त्याला हसतात?"

"मला काय माहीत? मी तुमच्या वर्गात नाही. मी असतो तर हसलो असतो. आणि भाऊ, तुमचा डावा कान उजव्यापेक्षा बोटभर वर आहे. अकरा वर्षं मी कल्ले तिरके कापून ते झाकतोय. तुम्ही दरवेळी म्हणता, 'दादा, कल्ले सारखे आले नाहीत.' अहो, कल्ले सारखे आले तर कान उघडा पडेल!"

आरशात भाऊंचे डोळे आणि कपाळ एवढंच उरलं होतं. त्या डोळ्यांनी डावा कान शोधला आणि तो सापडला नाही, कारण तोही बुडाला होता.

सर कपड्यासकट उठले. एक गाल गुळगुळीत, एक पांढरा. त्यांनी दुसऱ्या खुर्चीकडे जाऊन हात पुढे केला. भाऊंनी तो धरला, आणि सरांनी साडूला खोलातून ओढून काढलं.

"ऐकलंत, साडूभाऊ?"

"ऐकलं, सर. सहा तास!"

"पहिलं गाव!"

"लांडगा! आणि आपल्याला अक्कल शिकवतोय!"

"तुमचं रक्ताचं मला पटत नाही, पण निदान तुम्ही गेम संपवलाय."

"तुमची नदीसुद्धा निदान तुम्ही उभं राहून बघितली."

दार आपटलं. काचेतून दादांना दोघे फुटपाथच्या एकाच बाजूने, हातवारे करत जाताना दिसले. सरांच्या गळ्यात सलूनचा कपडा वाऱ्यावर हलत होता आणि डोक्यावर तुरा उभा होता.

बहिणींचं काम झालं होतं. दादांचं काय झालं, ते बघायला महिना जायचा होता. बोभाटा व्हायचा तो झाला. काही लोक यायचे थांबले. काही नवे, चौकसपणाने आले, बसले आणि "काही बोलायचं असेल तर आधीच बोला," असं म्हणून मान आखडून राहिले. घरी बायकोने एका संध्याकाळी मुद्दाम विचारलं, "अहो, तो मोरपिशी पडदा?"

"काढ. पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपतोय," दादा म्हणाले.

तिने तो लगेच काढला, घडी घातली, कपाटात ठेवला. त्या संध्याकाळी दादांचा चहा बिनसाखरेचा आला. त्यांनी तसं सांगितलं. "बरं, बरं," ती म्हणाली, "आता प्रत्येक गोष्टीत बोलायलाच पाहिजे असं नाही," आणि हसू लपवायला आत गेली.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दादांनी साडेदहापासून फळी तीनदा पुसली. अकराला दार उघडलं. सर आणि भाऊ दोघेही होते. सरांच्या डाव्या गालावर एक जुना, स्वहस्ते केलेला ओरखडा होता. त्यांनी पिशवीतून सलूनचा कपडा काढला, धुतलेला, इस्त्री केलेला, आणि तो खुर्चीच्या हातावर ठेवून ते बसले. भाऊ दुसऱ्या खुर्चीत बसले. पेपर उघडला. बुडायला लागले.

"म्हातारी बघितली," ते पेपरमागून म्हणाले. "रडवलं हो तिने."

"मला नाही रडवलं," सर म्हणाले. "ती बसलीय ते गाव नदीच्या चुकीच्या काठावर आहे."

दादांनी कपडा बांधला. कात्री घेतली. "नेहमीसारखं?" त्यांनी विचारलं.

सरांनी आरशात बघितलं. स्वतःकडे, मग तुऱ्याकडे.

"तो भोवरा," ते शेवटी हळू आवाजात म्हणाले, "उजवीकडे म्हणाला होतात ना?"

"उजवीकडे."

"मग भांग कसा पाडायला पाहिजे? तुमच्या मते?"

'तुमच्या मते' हे शब्द त्या खुर्चीत यापूर्वी कोणी उच्चारले नव्हते. दादांनी कात्री खाली ठेवली, फणी ओली केली, आणि सरांच्या डोक्यावर तळहात ठेवला.

"सांगतो," ते म्हणाले. "पण मान हलवायची नाही."